दुसऱ्या आवळाची सही

बसचं चाक गाडीला कशाच्या जोरावर धरून राहतं, असं शंभर प्रवाशांना विचारलं तर नव्व्याण्णव जण खांदे उडवतील आणि शंभरावा देवाचं नाव घेईल. देवाला मध्ये आणायचं काही कारण नाही. दहा नट असतात. एकेक नट जेमतेम लिंबाएवढा, आणि त्या दहांच्या भरवशावर पन्नास माणसं खिडकीला डोकं टेकून खुशाल घोरत असतात. नट ज्याने आवळले त्याचं तोंडही त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

या डेपोत ते काम करणाऱ्या माणसाला सगळे आवळमास्तर म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून असे. बुटके, आडव्या बांध्याचे, कानाच्या पाळीवर केस. एकतीस वर्षं त्यांनी चाकं काढली आणि चाकं चढवली. खिशात पेन नसलं तरी चालेल, पण छोटी हातोडी असायचीच. नटावर टक्क मारायचं आणि कान द्यायचा. घट्ट नट ठणकन बोलतो, सैल नट ठप म्हणून गप्प बसतो. ही सवय त्यांनी घरीही नेली होती. बायको म्हणायची, "माझ्या कुकरच्या दांड्याचा स्क्रू यांनी असा पिळून ठेवलाय, की आता कुकर फुटेल पण दांडा हलायचा नाही."

मास्तरांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी निम्मा डेपो त्यांच्यावर खार खाऊन असे. चाक चढवलं, नट आवळले, सही केली, इथवर सगळेच करतात. पण नवं बसवलेलं चाक तीस-चाळीस किलोमीटर धावलं की जागेवर बसतं, आणि बसलं की नट थोडे उतरतात. म्हणून गाडी एक छोटी फेरी मारून परत आली पाहिजे आणि नट पुन्हा आवळले गेले पाहिजेत. त्याला ते दुसरा आवळ म्हणत. प्रत्येक गाडीला चाकांचं एक कार्ड होतं, गाडी निघाली की ते ड्रायव्हरकडे जायचं, आणि त्यावर दोन रकाने होते, पहिला आवळ आणि दुसरा आवळ. दोन्ही सह्या असल्याशिवाय गाडी लांबच्या मार्गाला जायची नाही. ड्रायव्हर कुरकुरत, "मास्तर, एकदा आवळलं ते आवळलं ना? लग्न काय दोनदा करतात?" मास्तर मान वर न करता म्हणत, "करत नाहीत, म्हणूनच तर नंतर खडखड सुरू होते."

त्यांची एकुलती एक लेक याच डेपोत बस चालवायची. तिने ड्रायव्हर व्हायचं ठरवलं तेव्हा मास्तर चार दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते. पाचव्या दिवशी तिला रिकाम्या आवारात घेऊन गेले आणि गाडी मागे घ्यायला शिकवू लागले. आता ती चार वर्षांची मुरलेली ड्रायव्हर होती. ती कोणती गाडी नेणार हे मास्तर रोज पहाटे फलकावर बघून ठेवत आणि त्या गाडीचे नट इतरांपेक्षा एकदा जास्त वाजवून बघत. लेकीवर माया आहे हे तोंडाने सांगायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती, तेव्हा हातोडीवर भागवून नेत.

आता दुखण्याचं सांगायला हवं. चार महिन्यांपासून त्यांचा उजवा खांदा गेला होता. हात खांद्याच्या वर नेला की आत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. शर्ट घालताना बायको बाही धरायची, तेव्हा तिला निम्मं कळलेलं. लेकीला काहीच नाही. "झोपेत अवघडलाय," एवढं एक वाक्य त्यांनी चार महिने पुरवलं. कारण डेपोत कळलं तर हलकं काम मिळणार, म्हणजे फाटकाशी स्टुलावर बसून आल्या-गेल्या गाड्यांचे नंबर लिहिणं. निवृत्तीला सात महिने उरले होते. सात महिने स्टुलावर बसण्यापेक्षा सुरी बरी, असं त्यांनी ठरवून टाकलं. लांब पान्यावर पाय देऊन ते नट आवळत आणि शेवटचा जोर डाव्या हाताने अंग टाकून देत. शेवटचा जोर द्यायचा तो टॉर्क पान्याने; ठरलेला दाब आला की तो कट् असा आवाज करतो. कट् झालं की झालं.

त्यात वरून तपासणी पथक यायचं ठरलं. डेपोचे साहेब हाताखालच्या माणसांना कधी ओरडत नसत, पण चकाचक गोष्टींचा त्यांना भारी सोस. त्यांनी फर्मान काढलं की सगळी चाकं चंदेरी दिसली पाहिजेत. बसवलेल्या चाकांना बाहेरून रंग लागला, ते ठीक. पण गोदामात ठेवलेल्या सुट्या डिस्कही, म्हणजे ज्यांवर टायर चढतो त्या लोखंडी तबकड्याही, रंगाऱ्याने हौसेने रंगवल्या, दोन्ही बाजूंनी, दोन दोन हात. बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की डिस्क जिथे गाडीच्या लोखंडाला चिकटते तिथे रंगाचा थेंबही चालत नाही. दोन लोखंडांच्या मध्ये सापडलेला रंग दाबाखाली चेपत जातो, कुटला जातो, त्याची भुकटी होऊन झडते. जेवढा रंग झडला तेवढी फट नटाखाली पडते. फट केसाएवढी असते, आणि चाक निखळायला केसाएवढी फट पुष्कळ झाली.

मास्तरांना हे झोपेतही ठाऊक होतं. तपासणीच्या दिवशी पहाटे साडेपाचला बावीस नंबरच्या गाडीचं मागचं डावं जोडचाक, म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन चाकं, बदलायला घेतलं, तेव्हा हातात आलेल्या डिस्कचा चंदेरी रंग त्यांनी बघितला. तारेचा ब्रश समोर खुंटीवर होता. खरवडून लोखंड उघडं करायचं म्हणजे दोन डिस्कचं पाऊण तासाचं काम, आणि तेही उजव्या हाताचं. त्यांनी ब्रश उचलला, दोन हात मारले, आणि खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते टायरला टेकून उभे राहिले. रंगावर नख ओढून बघितलं. रंग वाळलेला होता. बावीस नंबर आठ वाजता गावातली छोटी फेरी मारून दहाच्या आत परत येणार. तेव्हा दुसरा आवळ करूच की, हवं तर चाक उतरवून खरवडू. त्यांनी चाक चढवलं, दहा नट आवळले आणि कार्डावर पहिली सही केली. सतरा नंबरच्या गाडीलाही त्याच गोदामातली डिस्क होती, तिचंही तसंच उरकलं.

सहा वाजता कार्यालयातला कारकून कार्डांचा गठ्ठा घेऊन आला.

"मास्तर, सगळे रकाने भरून द्या. रिकामा रकाना दिसला की पथक आधी तिथे बोट ठेवतं."

"दुसरा आवळ व्हायचाय अजून."

"होईलच ना तो. तुम्ही कधी चुकवलाय? सही तेवढी करा, माझ्यामागे सतरा कामं आहेत."

आधी कळस मग पाया, अशी ती मागणी होती. एकतीस वर्षांत मास्तरांनी हे केलं नव्हतं, आणि कुणी केलं असतं तर त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण त्या क्षणी त्यांना कार्ड दिसत नव्हतं, फक्त खांदा दिसत होता. त्यांनी सही केली.

साडेआठच्या सुमाराला सतरा नंबर फेरी मारून परत आली. मास्तरांनी हातोडी काढली आणि मागच्या चाकाच्या पहिल्या नटावर मारली.

ठप.

त्यांनी दुसऱ्या नटावर मारली, तोही ठप. मास्तरांनी हातोडी खाली ठेवली आणि नटाला नुसती बोटं लावली. नट फिरला. पाना नाही, जोर नाही, बाटलीचं झाकण फिरावं तसा फिरला. दहाही नटांच्या भोवती चंदेरी भुकटी जमली होती. हे फक्त गावातल्या रस्त्यांवर, पस्तीस किलोमीटरमध्ये.

ते उठले आणि बावीस नंबरच्या जागेकडे बघितलं. जागा रिकामी होती, ती आठ वाजल्यापासून रिकामी असायलाच हवी होती. तरी त्यांनी नियंत्रकाच्या खिडकीत तोंड घातलं.

"बावीस कुठवर आली?"

"बावीस? ती घाटावर गेली, मास्तर. घाटाच्या गाडीचा क्लच बसला, मग पावणेआठला बावीस काढून दिली. कार्डावर दोन्ही सह्या होत्या तुमच्या." नियंत्रक हसला. "तुमचीच लेक घेऊन गेली."

मास्तर त्या वेळी दुसऱ्या गाडीखालच्या खड्ड्यात होते. त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगायचं कारणही नव्हतं. कार्ड पुरं होतं. ते खिडकीच्या चौकटीला धरून उभे राहिले.  सतरा नंबरचे नट पस्तीस किलोमीटरमध्ये बोटांनी फिरले. घाटाच्या पायथ्यापर्यंत चाळीस किलोमीटर, पुढे अकरा किलोमीटर चढ, आणि चढ संपला की पलीकडे उतार, वळणावळणांचा, एका बाजूला दरी असलेला.

ते तसेच साहेबांच्या खोलीत शिरले. साहेब आरशात बघून कंगवा फिरवत होते.

"साहेब, बावीस नंबर थांबवा. मागचं डावं चाक निघणार."

"निघणार म्हणजे? तुम्ही आवळलंय ना?"

"डिस्कला आतून रंग आहे."

साहेबांच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं दिसलं. "म्हणजे रंगाऱ्याने घोळ घातला."

दार उघडं होतं, मास्तरांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी ते त्यातून सहीसलामत बाहेर पडले असते. ते म्हणाले, "रंगाऱ्याला काय माहीत? खरवडायचं काम माझं. मी नाही खरवडलं."

"आणि दुसरा आवळ?"

"नाही केला. सही आधीच केली."

साहेब खुर्चीत बसले. कंगवा हातातच राहिला. "मास्तर, पथक अर्ध्या तासात दारात येतंय हो."

"येऊ द्या. सतरा नंबर दाखवा त्यांना, बोटाने नट फिरवून बघा म्हणावं. चाक बदललेली एकही गाडी आता बाहेर सोडू नका. आणि मला व्हॅन द्या."

साहेबांनी एवढं मात्र केलं, की व्हॅनची चावी टेबलावर ठेवली आणि पायथ्याच्या थांब्याला फोन लावायला घेतला. तिथला फोन गेले दोन दिवस मुका होता.

व्हॅनच्या ड्रायव्हरला सगळे सुसाट म्हणत, कारण त्याने जन्मात चाळीसच्या वर काटा नेला नव्हता. सायकलवाल्याने घंटी वाजवली तर हा आदबीने बाजूला व्हायचा. मास्तर शेजारी बसले, पान्यांची पेटी आणि जॅक मागे आदळला, आणि फक्त एवढंच म्हणाले, "लेक आहे गाडीवर. चाक सुटतंय." सुसाटने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग त्या व्हॅनने जे केलं ते तिला स्वतःलाही जमेल असं वाटलं नसेल.

मास्तर फोन लावत राहिले. लेकीचा बंद होता. स्टिअरिंगवर बसताना फोन बंद करायचा, ही शिकवण त्यांचीच. कंडक्टरचा वाजायचा आणि तुटायचा. एकदा लागला. "हॅलो, मास्तर? बोला. हॅलो?" मागे इंजिनाचा आवाज, कुणाचं तरी पोर रडत होतं. मास्तर ओरडले, "गाडी थांबव! थांबव गाडी!" पलीकडून कंडक्टर म्हणाला, "ऐकू येत नाही, पोचलो की करतो." आणि फोन गेला. मास्तरांनी तो मांडीवर उलटा ठेवला. त्यांना त्या कंडक्टरचा, फोनच्या कंपनीचा, जगातल्या सगळ्या डोंगरांचा राग आला आणि फिरून फिरून तो राग स्वतःशी येऊन थांबला.

पायथ्याच्या थांब्याला व्हॅन थांबते न थांबते तोच मास्तर उतरले. थांब्यावरचा माणूस टेबलाशी बसून नोंद करत होता.

"बावीस?"

"बारा मिनिटं झाली जाऊन. का हो?"

तो माणूस स्वतःच पुढे बोलू लागला. "इथे दहा मिनिटं उभी होती. पोरगी हुशार आहे तुमची. म्हणाली, मागून डावीकडून टक टक येतंय. उतरून चाकाशी वाकली, नट मोजले, दहाच्या दहा जागेवर. लोक ओरडायला लागले, उशीर होतोय म्हणून. मग तिने कार्ड काढून बघितलं आणि म्हणाली, बाबांच्या दोन सह्या आहेत, चाकाचा प्रश्नच नाही. स्प्रिंगच्या पाट्यांचा आवाज असेल. आणि गेली."

 खोटं कार्ड पथकाला दाखवण्यापुरतं आहे असं त्यांनी धरलं होतं. ते लेकीने वाचलं. तिच्या कानाने तिला खरं सांगितलं होतं, आणि तिने कान बाजूला ठेवून बापाची सही खरी मानली. बावन्न माणसं घेऊन ती घाट चढत होती ती त्या सहीच्या जोरावर.

"मास्तर, बसा," सुसाट म्हणाला.

चढ सुरू झाला. तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या मधोमध काहीतरी चकाकलं. मास्तरांनी ते लांबूनच ओळखलं, तरी जवळ येईपर्यंत ते दुसरं काहीही असावं असं त्यांना वाटत राहिलं. चंदेरी नट होता.

"थांबू?"

"नको."

पुढे एका किलोमीटरवर दुसरा पडला होता. त्यानंतर किती पडले आणि दरीत गेले ते कळायला मार्ग नव्हता. मास्तर मनात हिशेब करत होते. दहातले दोन गेले म्हणजे आठ. आठांवर चाक तग धरतं, पण ते आठही ढिले असतील तर बोल्टवर चाक हिसके देतं आणि बोल्ट एकेक करून कापले जातात. शेवटचे चार एकदम जातात. त्यांनी हे तरुण गड्यांना कितीदा तरी शिकवलं होतं, खडूने फळ्यावर आकृती काढून, मजेत.

"घाटमाथा किती राहिला?"

"दोन किलोमीटर. त्याच्या पुढे उतारच." सुसाटचे हात घामाने स्टिअरिंगवर घसरत होते.

पुढच्या वळणाला बस दिसली. मास्तरांना आधी आनंद झाला आणि लगेच त्यांनी चाक बघितलं. मागचं डावं जोडचाक सरळ फिरत नव्हतं. दारुड्यासारखं आत-बाहेर झुलत होतं.

सुसाटने हॉर्नवर हात ठेवला. मास्तरांनी तो हात धरला. "हॉर्न नको. दचकून ब्रेक मारेल." जोराचा ब्रेक लागला किंवा गाडी उजवीकडे झटक्यात वळली, की सगळा भार त्याच चाकावर येणार होता. तिला थांबवायला हवं होतं, पण त्या चाकाला थांबल्याचं कळूही नये इतक्या हळू.

"तिच्या उजव्या आरशात दिसू असा घे. तेवढंच कर."

सुसाटने व्हॅन उजवीकडे काढली. समोरून काही आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. मास्तरांनी खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं आणि उजवा हात वर केला. खांद्यात कळ आली. त्यांनी हात खाली घेतला नाही. तळवा जमिनीकडे करून ते हवा दाबत राहिले, हळू, हळू, हळू. रिकाम्या आवारात लेक गाडी मागे घ्यायला शिकत होती तेव्हा ते तिच्या आरशात असेच उभे राहायचे. तळवा खाली म्हणजे पाय अलगद काढ, ब्रेकला शिवू नकोस, गाडी आपोआप थांबेल.

एक वळण गेलं. तिने बघितलं की नाही, कळेना. बसचा वेग तोच होता. घाटमाथ्यावरचा मोकळा आकाशाचा तुकडा दिसू लागला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्याने म्हणा किंवा कशाने.

मग बसच्या इंजिनाचा आवाज पडला. चढाने गाडीला धरलं. ती मंदावली, आणखी मंदावली, कडेच्या कठड्यापासून चार हात आत येऊन, ब्रेकचा दिवाही न लागता, उभी राहिली. सुसाटने धावत जाऊन चाकांखाली दगड लावले.

मास्तर चाकापाशी बसले. दहांतले पाच नट राहिले होते. ते पाचही शेवटच्या आट्यांवर लोंबत होते. डिस्कची भोकं झिजून लांबट झाली होती. लेक दार उघडून उतरली ती धावतच आली, आणि मागोमाग अर्धी गाडी उतरली.

तिने चाक बघितलं.  "बाबा, तुम्ही दोनदा आवळलं होतं ना?"

"एकदा. तेही रंगावर."

"कार्डावर तर..."

"खोटी होती. दुसरी सही खोटी होती."

बाळाला खांद्यावर घेतलेला एक प्रवासी पुढे आला. आधी त्याला नीट कळलं नव्हतं, आता कळलं. "आमच्या जिवाशी खेळता का तुम्ही लोक? तुमच्या एका सहीवर आम्ही मरायचं?" मास्तर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." त्याला भांडायला दुसरं काही हवं होतं, ते मिळालं नाही. तो कठड्याशी जाऊन उभा राहिला आणि बाळाच्या पाठीवर थापटत राहिला.  लेकीने प्रवाशांना कडेला सावलीत बसवलं, खालून येणारी दुसरी बस हात दाखवून थांबवली, सगळ्यांना तिच्यात चढवून दिलं, आणि कंडक्टरलाही त्यांच्यासोबत पाठवलं. बापाकडे तिने बघितलं नाही. मास्तरांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

रिकामी बस वळणावर ठेवून चालणार नव्हतं. दोनशे पावलांवर मोकळी जागा होती, तिथवर न्यायला हवी होती. तेवढ्याला उरलेले बोल्ट पुरणार होते, पण चाक नीट बसवून. सुसाटने जॅक लावला, तिघांनी मिळून चाकं ओढून काढली. लेकीने न विचारता तारेचा ब्रश घेतला आणि डिस्कच्या आतला रंग खरवडायला बसली. काळं लोखंड दिसेपर्यंत थांबली नाही. मग चाकं चढली. बोल्ट सहा धड होते. पेटीतून सहा नवे नट निघाले.

"मी आवळतो," मास्तर म्हणाले.

पहिला, मग समोरचा, मग त्याच्या तिरक्यातला. पान्यावर पाय देऊन, डाव्या हाताने अंग टाकून. पाचवा झाला. सहाव्याला पाना लावला आणि त्यांचा हात तिथेच अडकला. उजवा खांदा उतरला होता म्हणा ना, हात उचलेना, पाना सोडवेना. लेक बघत होती. चार वर्षांत पहिल्यांदा तिने बापाला नट आवळताना एवढ्या जवळून बघितलं असावं.

"किती दिवस झाले हे?"

"चार महिने."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मला चाकाला हात लावू दिला नसतास."

"नसताच लावू दिला," ती म्हणाली.

तिने त्यांच्या हातातून पाना घेतला आणि सहावा नट आवळला. कट्. मास्तर उठायला लागले, काम झालं म्हणून. पण ती उठली नाही. तिने पाना पुन्हा पहिल्या नटाला लावला. एकतीस वर्षांत मास्तरांनी आवळलेला नट त्यांच्या मागून कुणी तपासला नव्हता, तसं करायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तो अपमान आहे हे त्यांना समजलं, आणि त्यांनी तिला जागा करून दिली.

पहिला कट्. दुसरा कट्. तिसऱ्याला तिने जोर दिला आणि नट फिरला. फार नाही, पाव फेरा. मग कट् झालं.

 ती म्हणाली, "बाबा, हा मघाशी वाजला होता?"

हो म्हणता आलं असतं. रस्त्यावर वारा होता, आवाज कुणी ऐकला असता?

"नाही," मास्तर म्हणाले. "वाजला असं मी धरून चाललो."

तिने मान हलवली आणि चौथ्या नटाला पाना लावला. मास्तर रस्त्याच्या कडेला खाली बसले. त्यांना लाज वाटत होती, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि त्याच वेळी, लेकीने आज दुसऱ्या वेळी तरी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, याचं त्यांना इतकं बरं वाटलं की हुंदका आवरेना. ते सुसाटसमोर लहान मुलासारखे रडले. लेकीने ते ऐकलं, पण हात थांबवला नाही. पाचवा तपासला, सहावा तपासला, आणि मग उठून त्यांच्याजवळ येऊन बसली.